अपडेट फसलं, कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होतोय: अपडेट काढायचं, रिसेट करायचं की दुकानात न्यायचं?

पावसाळ्यात कोकणात विंडोज अपडेट फसायला फार काही लागत नाही. अपडेट बसत असताना लाईट गेली की झालं. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, डेस्कटॉप बहुतेक घरांत नसतो. लाईट आल्यावर लोगो, गोल फिरणारे ठिपके, 'अनडूइंग चेंजेस' आणि पुन्हा लोगो. यातून सुटायचे मार्ग बरेच आहेत, पण दुकानात पहिला म्हणून सुचवला जाणारा फॉरमॅट खरं तर शेवटचा असायला हवा.

आधी तो खरंच अडकलाय का ते बघा. टक्के हळूहळू का होईना पुढे जात असतील तर हात लावू नका; जुन्या हार्ड डिस्कवर याला एकदोन तासही लागतात. तेच चक्र परत परत येत असेल तर प्रिंटर, डोंगल, पेन ड्राइव्ह काढा. लोगो दिसला की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोनतीनदा केलं की विंडोज स्वतःच रिकव्हरी स्क्रीनवर येतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघा, मात्र जमलं नाही तर तेच तेच चालवत बसू नका.

माझी पहिली पसंती अनइन्स्टॉल अपडेट्सला. नेट लागत नाही, फाइली जागच्या हलत नाहीत, प्रोग्रॅमही राहतात. तिथे दोन पर्याय दिसतात. दर महिन्याला येतं ते क्वालिटी अपडेट, आणि विंडोजची अख्खी आवृत्ती बदलतं ते फीचर अपडेट. काय बसत होतं ते आठवत नसेल तर क्वालिटीपासून सुरुवात करा. फीचर अपडेट मागे घ्यायला साधारण 10 दिवसांची मुदत असते, नंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली विंडोज पुसून टाकतं. मशीन सुरू झालं की सेटिंग्जमधून अपडेट काही आठवडे पॉज करा, नाहीतर तेच अपडेट परत येऊन बसेल.

ते काढता येत नसेल तर सिस्टीम रिस्टोर, म्हणजे विंडोजला आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत परत नेणं. फाइलींना यातही धक्का लागत नाही, फक्त त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात. अडचण एवढीच की त्या स्थितीची नोंद, म्हणजे रिस्टोर पॉइंट, आधीपासून असावा लागतो, आणि कितीतरी मशीनवर ही सोय बंदच असते.

रिसेटचं, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याचं, प्रकरण वेगळं. 'कीप माय फाइल्स' वाचून लोक निर्धास्त होतात. फोटो आणि कागदपत्रं राहतात हे खरं, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. देवगडात ऐन हंगामात पेट्यांचा हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्याला किंवा होमस्टेची बिलं छापणाऱ्याला हे परवडणारं नाही. टॅली पुन्हा टाका, लायसन्स चालू करा, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, मराठी टायपिंग बसवा, यात दिवस जातो. वर रिसेट चालू असताना लाईट गेली तर पहिल्यापेक्षा मोठं दुखणं.

रिसेटमध्येही निवड करावी लागते. लोकल रीइन्स्टॉल मशीनवरच्याच फाइली वापरतं, आणि त्याच बिघडलेल्या असतील तर फसतं. क्लाउड डाउनलोड ताज्या फाइली आणतं, पण 4 जीबीहून जास्त डेटा खाऊ शकतं. खिडकीत मोबाईल ठेवल्यावर रेंज येणाऱ्या घरात मी ते लावणार नाही. त्यापेक्षा चिपळूण, कुडाळकडे ज्याच्याकडे फायबर आहे त्याला सांगून मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज बसवण्याचा किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह बनवून घ्या. यावरून नवं विंडोज टाकता येतं, पण त्याहून कामाचं म्हणजे मशीनची स्वतःची रिकव्हरी उघडत नसेल तर याच्यातली दुरुस्तीची स्क्रीन वापरता येते. ऑक्टोबर 2025 च्या अपडेटनंतर विंडोज 11 च्या रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माऊसच चालेनात. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत तातडीचं अपडेट काढून ते सुधारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही आवृत्त्यांवर रिसेटच फसत होतं. म्हणजे सुटकेची वाटही अपडेटमुळे बंद होऊ शकते.

रिसेट असो वा फॉरमॅट, आधी डेटा बाहेर काढा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत 'नोटपॅड' टाईप करा, फाइल, मग ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या छोट्या खिडकीतून फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. इथे सी ड्राइव्ह कधी डी म्हणून दिसतो, घाबरू नका. खूप फोटो असतील तर कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

मशीन विंडोज 10 वर असेल तर पुन्हा तेच टाकण्याआधी विचार करा. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीनचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालत असेल तर थेट 11 टाका.

दुकानात कधी न्यायचं? रिकव्हरी स्क्रीनच येत नसेल, डिस्कमधून कटकट आवाज येत असेल किंवा डिस्कच दिसत नसेल तेव्हा. खाऱ्या हवेत बोर्ड आणि कनेक्टर गंजतात, त्यामुळे दोष अपडेटच्या माथी मारला तरी मूळ हार्डवेअरमध्ये असू शकतं, आणि ते घरी बसून कळत नाही. तालुक्याच्या दुकानात मशीन ठेवताना 'आधी डेटा काढा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका' हे पावतीवर लिहून घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की मोबाईलवर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून शोधा आणि सोबत न्या. ती नसेल तर दुकानदारालाही त्या डिस्कमधलं काही वाचता येणार नाही.