आठ महिने व्हायोलिन वाजवल्यावर

पहिले दोन महिने मी हे व्हायोलिन परत करायच्या बेतात होते. नवशिक्यांचा सेट: फुल साइझ, पुढची पाटी स्प्रूसची, पाठ मेपलची, सोबत पेटी, बो (वाजवायचा गज) आणि त्याच्या केसांना घासायची राळ, म्हणजे रोझिन. तारा चार: जी, डी, ए, ई. ए सुरात लावून होते न होते तोच डीची खुंटी सुटायची. ई तर बोटात रुतायची. ‘स्वस्तातलं लाकूड, दुसरं काय’ असं म्हणून मी मोकळी.

शेवटी एका कारागिराकडे नेलं. त्यांनी वाजवून बघितलंच नाही. तारा जिच्यावर दाबायच्या त्या फळीच्या, म्हणजे फिंगरबोर्डच्या, टोकाशी स्टीलची पट्टी उभी धरली आणि तारांची उंची मोजली. तिथे ‘जी’ तार साधारण साडेपाच मिलिमीटर आणि ‘ई’ साडेतीनच्या आसपास हवी. माझी ‘जी’ साडेसात भरली! तारा उचलून धरणारी घोडी कुणी तासलीच नव्हती, जाडजूड फळी तशीच उभी केलेली. त्यांनी ती तासली, खुंट्यांना पेस्ट लावली आणि सिंथेटिक गाभ्याच्या तारा चढवल्या, त्याही एकेक करून. सगळ्या एकदम उतरवल्या की घोडी पडतेच, पाटी आणि पाठ यांच्यामधला आतला छोटा दांडा, साउंडपोस्ट, तोही आडवा होऊ शकतो. दोन्ही चिकटवलेले नसतात, नुसत्या दाबावर उभे. नव्या तारा चार-पाच दिवस उतरत राहिल्या, मग थाऱ्यावर आल्या. तेव्हापासून वाद्याबद्दल माझी तक्रार निम्म्याने कमी झाली.

उरलेल्या निम्म्यातली बरीच बोबद्दल आहे. सेटमधला बो टोकाकडे उड्या मारतो, लांब सूर थरथरतो. मैत्रिणीचा बो घेऊन तोच सूर ओढला तर सरळ गेला. आधी मी माझ्या मनगटालाच दोष देत होते. (तोही आहेच म्हणा.) रोझिनची नवी वडी इतकी गुळगुळीत होती की केसांना काही लागेच ना, बो तारेवरून मुका सरकायचा. बारीक सँडपेपरने वरचा थर खरवडला, मग पांढरी भुकटी दिसली.

सहाव्या महिन्यात ‘जी’ तारेवर खरखर सुरू झाली. तार बदलली, सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू, फाइन ट्यूनर, घट्ट केले, फरक शून्य. मग कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करत गेले. एका जागी आवाज पोकळ, फुटका आला: पाटीचा सांधा उकलला होता. मी हादरले, कारागीर हसले. पाटी मुद्दामच कच्च्या सरसाने बसवतात, म्हणजे हवा बदलून लाकूड ओढलं गेलं तर सांधा सुटतो, पाटी तडकत नाही. एका दिवसात काम झालं.

खांद्यावर टेकवायचा शोल्डर रेस्ट ठीक. बोटं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या फिंगरबोर्डवरच्या पट्ट्या चौथ्या महिन्यात काढल्या, आठवडाभर सगळं बेसूर.

दर वेळी तारा ताणताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे झुकतं. म्हणून आता पेटी उघडली की आधी ती बाजूने बघते, कललेली असली तर दोन्ही हातांनी हळूच मागे घेते. कोरड्या हवेत खुंट्या अजूनही सुटतात. वाद्य ठेवणार आहे, बो बदलणार आहे.