महफूज यांच्या कैरोतील पायी सहल: गल्ल्या पाहिल्या, कचेरी राहून गेली

इजिप्तचे नोबेलविजेते कादंबरीकार नगीब महफूज यांच्या कादंबऱ्यांतील जुने कैरो पायी फिरून दाखवणाऱ्या एका सहलीत आम्ही पतिपत्नी गेल्या हिवाळ्यात सहभागी झालो होतो. आयोजकांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्या वागणुकीविषयी नसून सहलीच्या मांडणीविषयी आहे.

सकाळी नऊच्या सुमारास बाब अल-फुतूह या अकराव्या शतकातील वेशीपाशी आठ जणांचा गट जमला आणि तेथून मुइझ्झ रस्त्याने दक्षिणेकडे चालणे सुरू झाले. मार्गदर्शक याच भागात वाढलेला होता, इंग्रजी स्वच्छ बोलत होता आणि घाई करत नव्हता. 1956-57 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत्रयीच्या तिन्ही भागांची नावे येथील रस्त्यांची व वस्त्यांची आहेत, हे वाचून ठाऊक होते. परंतु पहिल्या भागाचे नाव ‘बैन अल-कसरैन’ म्हणजे दोन राजवाड्यांमधली जागा, आणि ते राजवाडे नाहीसे होऊन कित्येक शतके लोटली तरी रस्त्याने ते नाव सोडलेले नाही, हे तेथे उभे राहून ऐकताना निराळे वाटते. पुढे जमालिया या जुन्या वस्तीतील बैत अल-काझी चौकात आम्ही बराच वेळ थांबलो. 1911 च्या डिसेंबरात महफूज यांचा जन्म याच परिसरात झाला आणि ज्या डॉक्टरांनी आईची अवघड प्रसूती सुखरूप पार पाडली, त्यांचेच नाव मुलाला ठेवण्यात आले. ते डॉक्टर कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधील प्राचीन पंथाचे ख्रिस्ती होते आणि कुटुंब धर्मनिष्ठ मुसलमान होते. त्या काळच्या कैरोविषयी एवढी एक गोष्ट पुष्कळ सांगून जाते. मार्गदर्शकाने ती रंगवून सांगितली नाही, हे मला आवडले.

मिदक गल्लीने मात्र निराशा केली, यात सहलीचा दोष नाही. महफूज यांच्या तिच्याच नावाच्या 1947 च्या कादंबरीने तिला एवढे मोठे केले आहे, की प्रत्यक्षातली चार पावलांची चढण पाहून गटातील एकाने ‘पुढची गल्ली का?’ असे विचारले. त्यानंतरची पंचवीस मिनिटे एका अत्तराच्या दुकानात गेली, ती मात्र सर्वस्वी सहलीच्या खात्यावर जमा करावी लागतील.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. साडेतीन तासांच्या सहलीत ‘नोबेल’ हा शब्द किती वेळा आला याची गणतीच नाही. पण हा लेखक 1934 ते 1971 अशी सदतीस वर्षे सरकारी नोकर होता, हे एका वाक्यातच उरकले गेले. तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेले महफूज 1938 मध्ये धार्मिक देणग्यांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयात मंत्र्यांचे संसदीय सचिव झाले. 1945 मध्ये त्यांनी स्वतःहून बदली मागितली, तीही सुलतान घुरीच्या मकबऱ्यातील ग्रंथालयात. सरकारी कर्जयोजनेच्या निमित्ताने आपल्या बालपणीच्या मोहल्ल्यातील रहिवाशांच्या मुलाखती घेणे हे तेथे त्यांच्या कामात मोडत असे. आपल्याकडे अशी बदली शिक्षा म्हणून मिळते. त्यांनी ती मागून घेतली. अर्जदारांच्या अडचणी ऐकत टेबलामागे बसलेला तो अधिकारी आणि मिदक गल्लीतील माणसे रंगवणारा कादंबरीकार यांची ओळख पटवून देण्यासाठी याहून चांगली जागा कैरोत मिळणार नाही, आणि नेमकी तीच वगळलेली होती.

पुढे पन्नासच्या दशकात ते कलाविभागात सेन्सॉरचे प्रमुख झाले, नंतर चित्रपटांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेचे संचालक आणि शेवटी संस्कृती मंत्रालयाचे सल्लागार. इतरांच्या कलाकृतींना परवानगी देण्याचे काम ज्याने केले, त्याचीच 1959 मध्ये ‘अल-अहराम’ या दैनिकात क्रमशः आलेली कादंबरी धर्मपंडितांच्या विरोधामुळे इजिप्तमध्ये पुस्तकरूपाने निघू शकली नाही. ती 1967 मध्ये बैरूतला छापली गेली, आणि 1994 मध्ये घराबाहेर त्यांच्या मानेवर सुऱ्याने जो वार झाला, त्याचे मूळही तिच्यातच होते. त्यानंतर उजव्या हाताने लिहिणे त्यांना कायमचे अवघड झाले.

सहलीचा शेवट 2019 मध्ये उघडलेल्या महफूज संग्रहालयात होतो आणि तो उत्तम आहे. अठराव्या शतकात सूफी साधकांसाठी बांधलेल्या या वास्तूत त्यांचा चष्मा, पदके आणि कुटुंबीयांनी दिलेल्या इतर वस्तू शांतपणे पाहता येतात. ही वास्तू अल-अझर या इस्लामी विद्यापीठाच्या मशिदीच्या अगदी लगत आहे, म्हणजे ज्या विद्यापीठातून त्या कादंबरीला विरोध झाला त्याच्याच शेजारी. मार्गदर्शकाने याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचाही तेथे रोजचा वावर असल्याने मी त्याला दोष देणार नाही. परंतु त्यांच्या 1975 च्या ‘हझरत अल-मुहतरम’ (‘आदरणीय महोदय’) या कादंबरीचा तरी उल्लेख व्हायला हवा होता. अर्जाच्या मायन्यात शोभेल असे ते शीर्षक आहे, आणि महासंचालकाच्या खुर्चीचा ध्यास घेऊन साऱ्या आयुष्यावर पाणी सोडणाऱ्या एका कारकुनाची ती कथा आहे. सदतीस वर्षे हजेरीपटावर सही केल्याशिवाय ती लिहिता आली नसती, असे मला वाटते.

तरीही ज्यांनी महफूज वाचलेले नाहीत, त्यांनी ही सहल अवश्य घ्यावी. अनोळखी गल्ल्यांत वाट चुकण्याची भीती राहत नाही आणि चालही झेपण्याजोगी आहे. ज्यांनी वाचले आहेत, त्यांनी दुकानाचा थांबा गाळण्याची अट आधीच घालावी आणि संग्रहालयातून निघाल्यावर पश्चिमेकडे काही मिनिटे स्वतःच चालत जावे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली घुरीची वास्तू तेथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहे. सुलतान स्वतः लढाईत पडला आणि त्याचा देह सापडलाच नाही, त्यामुळे त्या मकबऱ्यात तो नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पायरीवर एक वृद्ध गृहस्थ हातात कागदांची पिशवी घेऊन कोणाची तरी वाट पाहत बसले होते.