एम.एस्सी. ॲग्रीला राहुरी घ्यावं का? पुणेकरांसाठी परीक्षण

शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, मेट्रो दारात आहे, मग राहुरी कशाला? पसंतीक्रम भरताना पुण्यातल्या घराघरांत हा प्रश्न निघतोच. विद्यापीठ दोन्हीकडे एकच, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, त्याचं मुख्यालय राहुरीत. पदवीवरचं नाव तेच, अभ्यासक्रमही तोच. फरक फक्त पत्त्याचा. पण ज्याचा प्रबंध शेतात उभा राहायचा आहे त्याला पत्ताच महाग पडतो किंवा तारतो. पिकावर प्रयोग करायचा असेल तर राहुरी घ्या. डोळा एम.पी.एस.सी.वर असेल आणि एम.एस्सी. नुसती सोबतीला हवी असेल, तर पुणं सोडू नका. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांची राहुरीत फार ओढाताण होते.

आधी प्रवास. पुणे ते अहिल्यानगर साधारण १२० किलोमीटर, तिथून मनमाड रस्त्याने आणखी तीस-पस्तीस. नकाशावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात वाघोली ते शिक्रापूर हा टप्पाच दीड तास खाऊ शकतो, त्यामुळे दारापासून दारापर्यंत पाच तास धरून चाला. वाकडेवाडीहून नगरची गाडी पकडली तर नगरला स्टँड बदलायची वेळ येते: पुण्याची गाडी स्वस्तिक चौकात किंवा माळीवाड्याला सोडते आणि राहुरी-शिर्डीकडच्या गाड्या तारकपूरहून सुटतात. बॅगा घेऊन ही पायपीट नको असेल तर नगरमार्गे जाणारी शिर्डीची थेट गाडी बघा. विद्यापीठ राहुरी गावाच्या अलीकडे, हायवेलाच लागून आहे, म्हणून कंडक्टरला ‘विद्यापीठ’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘राहुरी’ म्हटलंत तर गावात जाऊन उतराल आणि उलटं यावं लागेल. मुलींना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. गुरुवार, शनिवार आणि सुट्टीच्या दिवशी शिर्डी-शिंगणापूरची गर्दी असते. गळिताच्या हंगामात अंधारात दुचाकीने हा रस्ता करू नये, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात.

आता मुख्य गोष्ट, प्रयोगाचं शेत. एम.एस्सी.च्या ७० क्रेडिटपैकी ३० एकट्या संशोधनाची. म्हणजे दोन वर्षांतलं खरं वजन वर्गात नाही, बांधावर आहे. राहुरीत हॉस्टेल आणि प्लॉट एकाच आवारात असल्यामुळे सकाळी सहाला फुलकिडे मोजून, आंघोळ करून, लेक्चरला बसता येतं. पाऊस पडून गेला की तासाभरात चर काढून पाणी बाहेर काढता येतं. पुण्यात पेठेत किंवा उपनगरात राहणाऱ्याला हे जमत नाही असं नाही, पण रोज जमत नाही. आणि किडी-रोगाच्या नोंदी रोज जमल्या तरच उपयोगाच्या.

बहुतेकांचं गणित चुकतं ते हंगामाचं. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत पहिल्या वर्षीचा खरीप पेरून झालेला असतो. पहिला रब्बी कोर्सवर्क, गाइड ठरणं आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा लेखी प्रस्ताव) यांत जातो. हातात उरतो दुसऱ्या वर्षीचा एक खरीप, आणि तो फसला तर एक रब्बी. म्हणून सिनॉप्सिस मेपर्यंत मंजूर करून घ्या, आणि विषय असा मागा की जो गरज पडल्यास हरभऱ्यावर हलवता येईल. राहुरी अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. जूनअखेर पेरलेल्या सोयाबीनला जुलैत वीस दिवसांचा खंड पडू शकतो. पाण्याची पाळी कधी आहे हे शेतावरच्या मजुरांना गाइडपेक्षा आधी कळतं, त्यांच्याशी बोलून-चालून राहा.

आराखड्यातही हात राखू नका. आर.बी.डी.मध्ये, म्हणजे प्लॉटचे गट पाडून प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून केलेल्या मांडणीत, ‘एरर’चे स्वातंत्र्यांश (योगायोगाने पडणारा फरक अजमावायला हाताशी असलेल्या स्वतंत्र तुलना) किमान १२ हवेत. सहा ट्रीटमेंट (तुलनेचे उपचार) आणि तीन रेप्लिकेशन (पुनरावृत्ती) घेतली तर दोन्हींतून एकेक वजा करून ते पाच गुणिले दोन, म्हणजे १० भरतात. जागा कमी म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि मग निकाल ‘नॉन-सिग्निफिकंट’ येतो, म्हणजे दिसलेला फरक उपचाराचा की योगायोगाचा हे सांगता येत नाही. चार रेप्लिकेशन घ्या, १५ होतात. किंवा आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन घ्या, २४ प्लॉट, १४ स्वातंत्र्यांश. जागा भरपूर असणं हा राहुरीचा मोठा फायदा, तो वापरा.

सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलं तर आठ ओळींचा प्लॉट ३.६० मीटर रुंद होतो. दोन्ही काठांची एकेक ओळ सोडली की निव्वळ रुंदी २.७० मीटर. निव्वळ लांबी चार मीटर धरली तर क्षेत्र १०.८ चौरस मीटर, आणि किलोचं हेक्टरी क्विंटल करायला साधारण ९.२६ ने गुणावं लागतं. याचा अर्थ वजनात शंभर ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी जवळजवळ एक क्विंटलची चूक! म्हणून मळणीवरच्या मोठ्या काट्यावर प्लॉटचं धान्य मोजू नये, ग्रॅम दाखवणारा काटा आणावा. काठाच्या ओळी आधी कापून शेताबाहेर काढाव्यात. मजुरांनी सरसकट कापणी केली की तो प्लॉट गेलाच म्हणून समजा. लेबल शिसपेन्सिलीने लिहा, जेल पेनाची शाई पहिल्याच पावसात वाहते. कोरड्या वजनाचे नमुने ६५ ते ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवायचे असतात. ऑक्टोबरात सगळ्यांची कापणी एकदम येते, तेव्हा ओव्हनसाठी रांग लागते. नायट्रोजन मोजायच्या डिस्टिलेशन युनिटचं तेच. सप्टेंबरातच नंबर लावून ठेवलेला बरा.

राहणं-खाणं. हॉस्टेलच्या खोल्यांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, उन्हाळ्यात तापतात. कूलर चालतो का हे आधी विचारा. मेसच्या बाबतीत भावापेक्षा खाड्याचा नियम महत्त्वाचा: सलग किती दिवस नसलं तर पैसे वजा होतात, आणि किती आधी सांगावं लागतं. शनिवार-रविवार पुण्याला येणाऱ्याचे दोन दिवस बहुधा खाड्यात बसतच नाहीत. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात दहा जिल्हे, नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत. त्यामुळे भाजीच्या तिखटावर कधीच एकमत होत नाही. तांबडा रस्सा आणि शेवभाजी यांच्या भांडणात पुणेकराला कोणी मध्यस्थालाही बोलावत नाही.

कमी कुठे पडतं? संध्याकाळनंतर. चष्म्याची काडी तुटली, लॅपटॉपचा कीबोर्ड गेला, चांगला त्वचारोगतज्ज्ञ हवा झाला, की नगर गाठावं लागतं. स्पर्धा परीक्षांचे क्लास, टेस्ट सिरीज, मुलाखतीची तयारी हे सगळं पुण्यात. ऑनलाइन मिळतं, पण शेजारी बसून रोज आठ तास वाचणारी माणसं ऑनलाइन मिळत नाहीत. खासगी कंपन्यांची माणसंही पुण्यात सहज भेटतात. राहुरीत असताना त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो. उलट शास्त्रज्ञ, प्रकल्पावरची माणसं, गोठा, बियाणे विभाग हे सगळं राहुरीत चालत जाण्याच्या अंतरावर. ‘फुले त्रिवेणी’ ही तीन जातींच्या संकरातून तयार केलेली गाय पाठ्यपुस्तकात परिच्छेदभर असते. इथे तिच्या दुधाच्या नोंदी ठेवणाऱ्यालाच जाऊन विचारता येतं.

कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.चा विचार असेल तर ही तुलना लागूच होत नाही, विद्यापीठाचं स्वतःचं ते महाविद्यालय राहुरीतच आहे. कृषी अर्थशास्त्र किंवा विस्तार शिक्षण घेणाऱ्यांचा प्रयोग प्लॉटवर नसून प्रश्नावलीवर असतो. त्यांनी नमुन्याची गावं कुठली असणार ते आधी पाहावं. मावळ-मुळशीची असतील तर राहुरीहून ये-जा करण्यातच भत्ता संपेल.

निघताना सोबत हे न्या: गमबूट, डोक्याला लावायची बॅटरी, तीस मीटरची टेप, ॲल्युमिनियमचे टॅग, कापडी पिशव्या (प्लास्टिकमध्ये ओल्या शेंगांना बुरशी येते). आणि नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वही चिखलात पडतेच.