गाड्यांचा मेंटेनन्स घरी की बाहेर? १४ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्याकडे २४ ट्रक आहेत, १२ जुने, १२ नवीन. १४ महिन्यांपूर्वी नवीन १२ गाड्या बाहेर कॉन्ट्रॅक्टवर दिल्या, किलोमीटरमागे ठरलेला रेट, आणि जुन्या आमच्याच शेडमध्ये आमच्याच मिस्त्रींकडे ठेवल्या. दोन्ही बाजूंनी पोळून निघालोय म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला कॉन्ट्रॅक्ट एकदम भारी वाटलं. महिन्याचा खर्च आधीच माहीत, स्पेअरसाठी धावपळ नाही, ऑइल-फिल्टर टायमावर. पण गाडी किती दिवस उभी राहिली हे बिलात कुठेच येत नाही ना! एक गाडी क्लचच्या कामाला गेली ती ६ दिवस तिथेच, काम एका दिवसाचं आणि बाकीचे ५ दिवस नंबर लागायची वाट बघण्यात गेले, इकडे हप्ता चालू, ड्रायव्हरचा पगार चालू आणि पार्टीने माल दुसऱ्याच्या गाडीत भरला. वरून क्लच प्लेट, ब्रेक लायनर, वायपर हे सगळं 'झिजणारे पार्ट' म्हणून कॉन्ट्रॅक्टच्या बाहेर. सही करायच्या आधी ते पान नीट वाचायला हवं होतं, मी नव्हतं वाचलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीचे उभे दिवस वहीत लिहितो.

आता घरच्या शेडचं सांगतो. आमचे मोठे मिस्त्री गाडी आत आली की आधी चारी बाजूंनी फिरतात आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू नेतात, लावत नाहीत, नुसती आच बघतात. गेल्या उन्हाळ्यात एका गाडीचं मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं त्यांना लागलं. ड्रायव्हरची तक्रार काहीच नव्हती. चाक उचलून फिरवलं तर जड, ब्रेकचं अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर अडकलेला, ब्रेक सुटतच नव्हता. तसंच चालत राहिलं असतं तर आधी लायनर, मग ग्रीस वितळून बेअरिंग, आणि वाईटात वाईट म्हणजे रस्त्यात चाक पेटलं असतं. हे बाहेर कोण बघणार? तिथे गाडी ठरलेल्या किलोमीटरलाच जाते. चाक काढून बसवलं की ८० ते १६० किलोमीटरच्या आत नट परत टॉर्क रेंचने तपासायचे असतात, त्यासाठीसुद्धा बाहेरच्या वर्कशॉपमध्ये गाडी परत कोण नेतो?

पण घरच्यांनाही सगळं जमतं असं नाही. एका नवीन गाडीचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागायचा, घाईच्या दिवसांत ती आमच्याच शेडमध्ये घेतली. आमच्या पोरांनी स्क्यानर लावून बिघाडाचा कोड उडवला, तीन वेळा, आणि तीन वेळा दिवा परत आला. मलाही वाटलं की गाडी जवळच्या फेऱ्या मारते, एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, म्हणून चोक होतंय. बाहेरच्यांनी फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी काढून दाखवली, बारीक चीर गेलेली. रीडिंगच चुकीचं जात होतं. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवला की, जळते पण राख नाही जळत, ती फिल्टर काढूनच साफ करावी लागते, हेही तिथल्या टेक्निशियनने नीट समजावलं. असं काम आमच्या शेडमध्ये झालं नसतं, आणि त्या स्क्यानरचं सॉफ्टवेअर दरवर्षी अपडेट करायचं म्हटलं तर २४ गाड्यांवर ते निघतही नाही.

शेडचा लपलेला खर्चही आहे बरं का. मोठे मिस्त्री १५ दिवस सुट्टीवर गेले तेव्हा काम ठप्पच झालं. स्पेअर तर असे पडून राहतात की ज्या मॉडेलची गाडी विकून टाकली त्याचे फिल्टर अजून रॅकवर आहेत.

सध्या असं चालू आहे: ग्रीसिंग, ऑइल, ब्रेक, हवा, नट, वायरिंगची बारीक कामं आणि रोजची तपासणी सगळ्या २४ गाड्यांची घरी. इंजिन, इंजेक्टर, गिअरबॉक्स, डीपीएफ आणि सेन्सरची कामं बाहेर. जॉब कार्ड मात्र प्रत्येक कामाचं आमच्याकडेच, काढलेला पार्ट परत मागवतो आणि तो बघितल्याशिवाय बिल पास करत नाही. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय, त्यात एकच अट नवीन टाकलीये, गाडी ४८ तासांच्या वर उभी राहिली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे त्यांच्या बिलातून कापणार. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण ही अट मी सोडणार नाहीये.