टिल्ट मीटर, नऊ महिन्यांनी: आकडा खरा, टेप खोटी

मे महिना, भर दुपार, काचा बंद असलेली उभी गाडी. दार उघडलं तर डॅशबोर्डवरचा टिल्ट मीटर, म्हणजे गाडी किती अंश कलली ते दाखवणारा, टेपसकट सुटून ब्रेक पेडलजवळ पडलेला. मार्चनंतर ही दुसरी खेप. विकणाऱ्याचं म्हणणं, टेप वॉरंटीत येत नाही. मग मीटर लावायचा कशानं, भातानं? या एका उत्तरापायी हे सगळं लिहितो आहे, नाहीतर मीटरबद्दल फारशी तक्रार नव्हती.

गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी. थारच्या वरच्या मॉडेलात रोल-पिच (रोल म्हणजे बाजूचा कल, पिच म्हणजे चढ-उताराचा कोन) स्क्रीनवरच दिसतं, जुन्या पजेरोच्या डॅशबोर्डवर तर मधोमध मीटरच यायचा. जिम्नीत यातलं काही नाही, त्यामुळे बाहेरून लावणं आलं. मागच्या ऑगस्टपासून दोन मीटर वापरात आहेत: एक ६०० रुपयांचा, तेलात फिरणाऱ्या तबकड्यांचा, दुसरा ३,४०० चा डिजिटल, जीपीएस, उंची, होकायंत्र आणि बीप असलेला. खाली पडला तो डिजिटल. सहाशेवाला जागच्या जागी आहे, कारण तो पहिल्या दिवशीच स्क्रूनं बसवला होता.

आधी टेपचंच उरकतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो. डब्यात येणारी पांढरी फोमची टेप तेवढ्यात मऊ पडते आणि मीटर स्वतःच्या वजनानं हळूहळू घसरतो. एकदम पडला तर निदान कळतं. पडण्याआधीचे चार दिवस तो दोन-तीन अंश वाकडा होऊन खोटं दाखवत असतो, ते जास्त वाईट. दुसरं कारण डॅशबोर्ड पॉलिश. वॉशिंग सेंटरवाला प्रेमानं जे चकचकीत सिलिकॉन फासतो, त्यावर कोणतीच टेप धरत नाही. तिसरं कारण प्लास्टिकचा खरखरीत पोत: टेप फक्त उंचवट्यांना चिकटते, खळग्यांत हवाच राहते.

आता जे केलं आहे ते असं. साबणाच्या पाण्यानं जागा धुतली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसली, दर वेळी नवं फडकं. दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी डॅशबोर्डच्या वळणाला वाकवून घेतली. तिच्याखाली राखाडी व्हीएचबी (जास्त पकडीची दुहेरी) टेप पूर्ण लांबीभर लावली आणि अर्धा मिनिट अंगठ्यानं दाबून धरली. नंतर ७२ तास मीटर चढवला नाही. या टेपची पकड २० मिनिटांत निम्मी येते, पूर्ण यायला तीन दिवस लागतात. घाई इथेच नडते. मीटर पट्टीवर दोन एम४ स्क्रूनं बसवला. शिवाय मागून झिप टायचा एक फास एसीच्या जाळीला, म्हणजे सुटलाच तर लोंबकळेल, पायाखाली येणार नाही. उतारावर ब्रेकखाली अडकलेला मीटर हा त्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धोका आहे. बाजूच्या सीटसमोर एअरबॅगचं झाकण असतं, तिथे काहीही चिकटवू नका. बॅग उघडली की तो मीटर गोळीसारखा येतो.

टेपवर एवढी शाई खर्च झाली, आता शून्य. मीटर बसवल्यावर तो सपाट जागी शून्यावर आणा, असं कागदावर लिहिलेलं असतं. सपाट जागा आणायची कुठून, राजेहो? पेट्रोल पंपाच्या फरशीला पाणी निघायला उतार असतो, फ्लॅटस्कीमच्या पार्किंगलाही असतो. त्यामुळे सपाट जागा शोधूच नका. गाडी उभी करा, चारही टायरांच्या जागा खडूनं आखा, आकडा लिहून घ्या. मग गाडी उलट तोंडानं त्याच खुणांवर उभी करून पुन्हा वाचा. पहिल्यांदा उजवीकडे २ आणि दुसऱ्यांदा डावीकडे १ आलं, तर उजवा अधिक आणि डावा उणे धरून बेरीज करा, निम्मे करा: अर्धा अंश ही मीटरची चूक, आणि दीड अंश जमिनीचा उतार. मीटर अर्ध्या अंशानं मागे घ्या, झालं. हे करताना चालवणारा सीटवर बसलेला हवा आणि चारही टायरांत हवा सारखी हवी. खात्री करायची असेल तर मिस्त्रीची पाणी भरलेली लेव्हलची नळी आणा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्यबिंदूंची उंची ताडून पाहा. जिम्नीची चाकं डावी-उजवी साधारण १.४ मीटरवर आहेत, म्हणजे एक अंशाला २४ मिलिमीटर फरक.

डिजिटल मीटरचा खरा दोष इथे आहे. इग्निशन चालू केलं की तो त्या क्षणाची स्थिती शून्य धरतो. चढावर इंजिन बंद पडलं, पुन्हा चालू केलं, की १८ अंशांचा चढ त्याच्या लेखी सपाट मैदान. मेनूत 'ऑटो झीरो' बंद करायची सोय आहे, पण तीन पानं आत दडवलेली आणि कागदावर तिचा उल्लेखही नाही. घेतल्यादिवशी आधी ते बंद करा.

आणखी एक चूक जवळपास सगळेच करतात. मीटर मधोमध बसवतात आणि नीट दिसावा म्हणून थोडा ड्रायव्हरकडे फिरवतात. तो १५ अंशांनी फिरला असेल आणि गाडी सरळ २५ अंशांच्या चढावर असेल, तर बाजूचा कल शून्य असूनही मीटर ६ अंश दाखवतो. मीटरचं तोंड सरळ मागेच हवं, तिरपं नको. दिसत नसेल तर मान वळवा, मीटर नको.

आता मूळ प्रश्न: या मीटरचा उपयोग आहे का? उत्तर आकड्यांत आहे. जिम्नीच्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा ७० सेंटिमीटर. गुरुत्वमध्यही जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असं गृहीत धरलं, तर कागदावर गाडी ४५ अंशांला उलटते. कागदावर. आडव्या कलावर खालच्या बाजूचं सस्पेन्शन आणि टायर दबतात, बॉडी आणखी झुकते, चारेक अंश तिथे जातात. वरच्या कॅरिअरवर ६० किलो सामान बांधलं तर आणखी दोन. मग वरच्या बाजूच्या चाकांखाली १५ सेंटिमीटरचा दगड आणि खालच्या बाजूची चाकं १० सेंटिमीटर खड्ड्यात, एवढ्यानं कल सुमारे १० अंशांनी वाढतो. उरले २९. त्यात गाडी एकदा उसळली की संपलं. म्हणून आडव्या कलाची मर्यादा २५ धरावी आणि बीप २० वर ठेवावा. ४५ हा आकडा फक्त चहाच्या टपरीवरच्या वादासाठी आहे.

मीटर जे सांगत नाही ते याच हिशेबात आहे: पुढचा दगड. डिजिटल मीटर थरथर लपवायला साधारण एक सेकंदाची सरासरी दाखवतो. ताशी साडेचार किलोमीटरनं चालताना एका सेकंदात गाडी सव्वा मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे आकडा मागच्या जागेचा, चाक नव्या जागी. त्यामुळे चालवणाऱ्यानं मीटरकडे पाहूच नये. बाजूला बसलेल्यानं मोठ्यानं वाचावा: "अठरा... एकोणीस... एकवीस, थांब भाऊ." आणि शंका असेल तर एकानं उतरून खाली पुढे चालावं, अर्थात गाडीच्या वरच्या अंगानं, उताराच्या अंगानं नाही.

तेलातला सहाशेवाला मीटर पहिले तीन महिने मनातून उतरला होता. सपाट रस्त्यावर वळण घेतलं तरी तो कलतो: २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० नं घेतलं की १९-२० अंश. जोरात ब्रेक दाबला की नाक खाली २० अंश. साधा ओळंबाच तो, धक्का बसला की झुलणारच. तेव्हा वाटलं, पैसे पाण्यात.

हे मत आता बदललं आहे. गाडी उलटते ती केवळ उतारामुळे नाही. उतार आणि वळणाचा बाहेरचा ओढा यांच्या बेरजेनं उलटते. ओळंबा नेमकी ती बेरीज दाखवतो. आडव्या उतारावर स्टिअरिंग चढाकडे वळवलं की तबकडी आणखी कलते, उताराकडे वळवलं की लगेच सरळ व्हायला लागते. गाडी कलंडते आहे असं वाटलं तर नाक उताराकडे सोडा, हा जुना नियम ज्याला पटत नाही त्याला रिकाम्या मैदानात, फक्त ५-६ अंशांच्या उतारावर हा मीटर दाखवावा. जे खोटं बोलणं वाटत होतं ते या कामापुरतं खरं बोलणं निघालं. महागडा डिजिटल तेच दाखवतो, पण सरासरी काढत उशिरा.

पिचचा आकडा लोक केवळ चढाईची फुशारकी मारायला वापरतात. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. सरळ चढताना २८ अंश दिसले आणि गाडी अर्ध्यात अडली, तर तो २८ म्हणजे गाडी पूर्ण आडवी झाली तर किती कलेल त्याचा आकडा. नुसती ४५ अंश फिरली तरी बाजूचा कल १९ वर जातो. म्हणून चढ चुकला की वळायचं नाही. ४एलमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये) रिव्हर्स टाकून, क्लचवरून पाय काढून, इंजिनच्या जोरावर आल्या वाटेनं सरळ मागे. मीटरवरचा २८ हा आकडा त्या क्षणी हे आठवून देतो, तेवढ्यासाठी तो हवा.

आता आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर हा मीटर जवळजवळ बिनकामाचा आहे. कोरड्या मुरमावर टायर ३० अंशांपर्यंत धरतो, ओल्या काळ्या मातीवर १२-१५ अंशांतच घसरतो. उलटायच्या कोनाच्या कितीतरी आधी गाडी आडवी सरकायला लागते आणि सरकत जाऊन धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धडकली की खालची चाकं अडतात, वरचं धड पुढे जातं. मीटर तोवर १४ दाखवत असतो, बीप वाजलेला नसतो. काळ्या मातीत बीपवर विसंबणाऱ्यानं गाडी घरीच ठेवावी. कन्हान नदीच्या रेतीत उलट: तिथे कल कमी असतो, पण खालच्या बाजूची चाकं रुततात आणि ८ चे बघता बघता १६ होतात. तिथे मीटर खरंच आधी सांगतो, कारण रुतणं हळू असतं. रेतीसाठी हवा १८ पीएसआयपर्यंत काढली असेल तर आडव्या कलावर जाऊच नका. खालचा टायर रिमवरून सुटायची भीती असते.

किरकोळ गोष्टी. दुपारी डिजिटलचा पडदा फिकट दिसतो, पोलरॉइड गॉगलमधून तर काळाच. रात्री त्याचा उजेड काचेवर पडतो, ब्राइटनेस सगळ्यात कमी ठेवावा. ओबीडीवर (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटवर) जोडला तर गाडी आठ-दहा दिवस उभी राहताना काढून ठेवा, बॅटरी हळूहळू खातो. होकायंत्र स्पीकरजवळ वेड्यासारखं फिरतं. तेलाच्या मीटरमध्ये एप्रिलपासून हरभऱ्याएवढा बुडबुडा आला आहे. वाचायला अडत नाही, पण तबकडी त्याला टेकली की अर्धा अंश अडखळते. मोबाइलचं ॲप फुकट आहे आणि हिवाळ्यात उत्तम; मेमध्ये फोन तापून पडदा बंद करतो, नेमका हवा तेव्हा.

पैशाचं म्हणाल तर ३,४०० वाला पुन्हा घेणार नाही. सहाशेवाला, दोन स्क्रू आणि खडूचा तुकडा पुरेसा आहे. तेही नको असतील तर शाळेचा कोनमापक, दोरा आणि एक एम८ नट: कोनमापकाची सरळ कड वर करून आरशाच्या दांड्यावर आडवी बांधा, दोरा मधल्या बिंदूतून सोडा. वीस रुपयांत ओळंबा तयार, दोन अंशांच्या फरकानं बरोबर. ज्यांची गाडी वर्धा रोड ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरते त्यांनी तेही करू नये. आणि ज्यांनी दोन-तीन वर्षं उतार चालवले आहेत त्यांच्या पाठीला २० अंश आपोआप कळतात. नवख्याला मात्र १५ लाच ३५ वाटतात आणि तो घाबरून स्टिअरिंग भलतीकडे, चढाकडे वळवतो. मीटर त्याच्यासाठी.

नवी पट्टी आणि टेप बसवून नऊ दिवस झाले, अजून हललेली नाही. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, २५ तारखेपासून लागतो. तो सरेपर्यंत तरी डिजिटलच्या मागचा झिप टाय काढत नाही.