उपकेंद्रातलं मोफत लसीकरण: साडेतीन महिन्यांची फेरी

आईबापांची सगळ्यात जास्त घालमेल होते ती याच फेरीला. एका दिवसात बाळाला तीन सुया: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियावरची), उजव्या दंडावर कातडीत पोलिओची ०.१ मिली. तोंडाने पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरचे) थेंब वेगळे. एकदम इतकं दिलेलं चालतं. एखादी लस पुढे ढकलली तर बाळ तितके दिवस संरक्षणाविना राहतं.

सेवा चांगली आहे. सिरिंज एकदाच वापरता येणारी, आपोआप लॉक होणारी. कुपीवरचा, लसीला उष्णता लागली का ते सांगणारा चौकोन बघायला मागा, सिस्टर दाखवतात: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. तेवढाच गडद झाला असेल तर ती कुपी बाद. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

खटकतं ते नऊ महिन्यांच्या फेरीला. गोवर-रुबेलाची कुपी अनेक मुलांपुरती असते आणि विरघळवल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून काही ठिकाणी ‘मुलं जमू द्या’ म्हणून परत पाठवतात. हे चूक आहे. एका बाळासाठीही कुपी उघडायची असते. नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

पेंटाव्हॅलंटऐवजी खासगीत मिळणाऱ्या ‘न दुखणाऱ्या’ लशीने ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. तापाच्या भीतीने हजारो रुपये घालवू नयेत. ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम. कांजिण्या, टायफॉइडच्या लशी मात्र उपकेंद्रात मिळत नाहीत. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ गाठा.