सीजे-३बी जीपसाठी डिस्क ब्रेक किट : "डायरेक्ट बसतं" असं सांगून विकलेलं

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकतो. किटमधलं लोखंड चांगलंय, फिटिंगच्या नावाने बोंब आहे, आणि ज्या सामानामुळे ब्रेक खरे लागतात ते किटमध्ये नाहीच. पाचपैकी अडीच, ते पण डिस्क आणि पॅडकडे बघून.

गाडी म्हणजे जुनी पेट्रोल महिंद्रा, सीजे-३बी, हरिकेन इंजिन, चारी चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) दाबून थांबवणारे. लोक या ब्रेकना सरसकट शिव्या घालतात ते मला पटत नाही, सुक्या रस्त्यावर आणि लायनर नीट सेट केलेले असले तर गाडी थांबते व्यवस्थित. घात होतो तो पावसाळ्यात. पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहतं, मग पाय दाबला की एक चाक धरतं दुसरं धरत नाही आणि स्टेअरिंग हातातून ओढून नेतं. दुसरा घात घाटात, सिंहगड नाहीतर ताम्हिणी उतरताना ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते आणि पेडल प्रत्येक वळणाला थोडं अजून खाली. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क टाकायची ठरवली, म्हणजे उघडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबून धरणारे ब्रेक.

किट घेतलं पुण्यातल्याच एका जीप स्पेअरवाल्याकडून, नाव लिहीत नाही कारण असंच किट विकणारे अजून बरेच आहेत आणि सगळ्यांची भाषा तीच. २२ हजार रुपये. आत दोन डिस्क, बोलेरोचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे), पॅड, लेझरवर कापलेले ब्रॅकेट, दोन होज (ब्रेक ऑइलचे लवचिक पाइप) आणि बोल्टची पिशवी. फोनवर सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहितो, "साहेब डायरेक्ट बोल्ट-ऑन आहे, लेथचं काम नाही, दोन तासात गाडी घरी."

आता बोल्ट-ऑन म्हणजे काय ते ऐका. या जीपमध्ये ड्रम आणि हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) व्हील स्टडनेच (चाकाचे नट बसतात ते बोल्ट) एकमेकांत ठोकून पक्के केलेले असतात. ड्रम हबपासून सुटा करायचा तर स्टडचा फुगवलेला भाग कापून प्रेसवर दाबून काढावे लागतात, हातोड्याने काढायला गेलात तर हबचा फ्लँज वाकला म्हणून समजा. म्हणजे पहिल्याच पायरीला वर्कशॉप आलं. बरं जुन्या विलिज (मूळ जीपची अमेरिकन कंपनी) घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, किटमधले स्टड दोन्हीकडे सुलटेच, म्हणजे आता माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे नट सुलटे आणि मागच्या डाव्याचे उलटे. रस्त्यात पंक्चर झालं आणि पंक्चरवाल्याने सवयीने मागचा नट "सोडवायला" घेतला तर तो आवळत बसणार आणि स्टड तोडून ठेवणार. मी चाकाशेजारी बॉडीवर पेंटने बाण काढून ठेवलेत.

डिस्कचं मधलं भोक हबवर बसेना, अगदी थोडक्यात अडत होतं. भोसरीला ओळखीच्या लेथवाल्याकडे नेलं तर त्याने डायल (मोजायचं घड्याळ) लावून दाखवलं की भोक लहान आहेच पण ब्रॅकेटही सपाट नाही, कापताना तापून किंचित पिळलाय. असा ब्रॅकेट तसाच बसवला तर कॅलिपर डिस्कला तिरका बसतो आणि पॅड एका कडेने झिजतो. त्याने दोन्ही ब्रॅकेट फेस (सपाट) करून दिले आणि कॅलिपर डिस्कच्या बरोब्बर मध्ये यावा म्हणून शिम (पातळ पट्ट्या) बनवून दिल्या. नकलवर (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) बॅकिंग प्लेटचे (ड्रममागच्या प्लेटचे) जे सहा बोल्ट असतात त्यावर ब्रॅकेटची भोकं मात्र चपखल बसली, श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं. १६ इंची मूळ चाकंही बसली, फक्त चाकाला आतून लावलेलं बॅलन्सिंगचं वजन कॅलिपरला घासत होतं ते काढून दुसरीकडे लावलं. १५ इंची रुंद चाकं टाकलेली असतील त्यांनी किट घ्यायच्या आधी मोकळा कॅलिपर चाकात धरून बघा, दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका.

मग आली होज. याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे माणूस मरू शकतो. माझ्या गाडीच्या ब्रेक लाइनच्या (ऑइलच्या धातूच्या पाइपच्या) युनियन (जोडणीचे नट) ३/८ इंची, बारीक आट्याच्या, २४ आटे इंचाला. किटमधल्या होजचं टोक मेट्रिक, १० मिमी आणि १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). ३/८ म्हणजे ९.५२५ मिमी, पिच साधारण १.०६. हातात घेतलं तर दोन्ही सारखेच वाटतात, आणि वाईट म्हणजे ३/८ चा नट १० मिमीच्या भोकात दोन-तीन आटे आरामात जातो, मग घट्ट होतो, पाना लावला की अजून फिरतो आणि वाटतं बसला. तो बसलेला नसतो, आटे खात असतो. जोरात ब्रेक दाबला की तिथूनच ऑइल जाणार. आमच्या मेस्त्रींनी पहिल्याच फेरीला बोटाने हलवून बघितलं आणि म्हणाले, "दादा, हे खुळखुळतंय, आटा वेगळा आहे." दुकानदाराला फोन लावला तर उत्तर आलं, "सगळ्यांचं बसतं, तुमचंच कसं बसत नाही?" शेवटी नवीन मेट्रिक युनियन घालून लाइनच्या टोकाला नवीन फ्लेअर मारून (टोक पसरवून) घेतलं. होजची लांबीही बघा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि जॅकवर चाक लोंबकळत ठेवून. सरळ उभ्या गाडीवर सगळंच पुरतं.

अजून एक. कॅलिपर असे असेंबल करून पाठवलेले की एअर काढायचे निपल खालच्या बाजूला येत होते. हवा वर जाते, निपल खाली, म्हणजे कितीही पंप करा पेडल स्पंजच राहणार. डावा-उजवा अदलाबदल केल्यावर निपल वर आले आणि एअर निघाली. पाच मिनिटांचं काम, पण ज्याला माहीत नाही तो ब्रेक ऑइलचे डबे ओतत बसेल.

इथपर्यंतचं सगळं मी चिडून का होईना सोडून दिलं असतं, जुन्या गाडीत थोडं लेथचं काम धरूनच चालावं लागतं. खरी तक्रार हायड्रॉलिकची आहे, त्याबद्दल किटवाला अवाक्षर बोलत नाही.

ड्रममधल्या दोन लायनरपैकी पुढच्या बाजूचा लायनर चाकाच्या फिरण्यानेच ड्रममध्ये रुतत जातो, म्हणजे गाडीच आपल्याला ब्रेक लावायला मदत करते. डिस्कमध्ये तो फुकटचा जोर मिळत नाही, सगळा दाब पायाने नाहीतर बूस्टरने (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) आणायचा. ३बी ला बूस्टर नाही. त्यामुळे नुसतं किट लावून पहिल्यांदा गाडी काढली तर पेडल दगड, थांबायला आधीपेक्षा जास्त अंतर, आणि ओल्या सिमेंट रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीचं बूड सरकलं. कारण मागचे ड्रम जुन्याच जोराने काम करतायत आणि पुढचे उपाशी. यावर काही जण सांगतात मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने लाइनमध्ये ऑइल ढकलणारा) बारीक बोअरचा, म्हणजे आतून कमी व्यासाचा, टाका. १ इंचावरून पाऊण इंचावर गेलात तर तेवढ्याच पायात दाब जवळजवळ १.८ पट होतो हे खरं, पण पेडललाही तेवढंच जास्त खाली जावं लागतं, त्यात कॅलिपरला ऑइल ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त लागतं, म्हणजे पेडल फ्लोअरला टेकलं.

दुसरा प्रकार याहून छुपा. जुन्या ड्रमवाल्या मास्टरमध्ये एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो तो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). ड्रममध्ये स्प्रिंग लायनरला मागे ओढतात म्हणून चालतं, डिस्कमध्ये तशी स्प्रिंग नसते, पॅड घासत राहतात. आमची गाडी एक चक्कर मारून आली तर पुढच्या चाकांना हात लावता येईना. बरं व्हॉल्व्ह काढून टाकावा तर ३बी चा मास्टर फ्लोअरच्या खाली, चॅसिसला, कॅलिपरपेक्षा खालच्या लेव्हलला. मग गाडी उभी असताना ऑइल मागे मास्टरकडे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल पोकळ. त्यासाठी पुढच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो आणि मागच्या ड्रमला १० चा ठेवावा लागतो, आणि हे दोन वेगळे ठेवायचे तर मूळ सिंगल सर्किट मास्टरपेक्षा टँडेम, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकची दोन वेगळी सर्किट असलेला मास्टर, बरा पडतो.

म्हणजे फिरून फिरून टँडेम मास्टर, बूस्टर, दोन व्हॉल्व्ह आणि मागच्या लाइनला ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा), एवढं सगळं घातलं तेव्हा कुठे ब्रेक झाले. पेट्रोल इंजिन असल्यामुळे बूस्टरला व्हॅक्यूम मॅनिफोल्डवरून मिळाला. ज्यांच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय त्यांना व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर लागेल, डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळत नाही. लेथ धरून या सगळ्याचा खर्च किटच्या किमतीच्या वर गेला.

आता कसे लागतात? झकास. ताम्हिणीत भर पावसात पाण्यातून काढून लगेच दाबले, सरळ रेषेत गाडी उभी. घाट उतरताना पेडल वर होतं तिथेच राहतं. पॅडचा आवाज नाही, डिस्कमध्ये थरथर नाही. मालाचा दर्जा म्हणाल तर मला शंका नाही.

पण याच पैशात मला कोणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगेन. आधी टँडेम मास्टर टाका, डिस्क नाही घेतली तरी चालेल, कारण मूळ गाडीत एक होज फुटला की चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग नवीन लाइन, नवीन होज. शहरातच फिरवत असाल तर ड्रम लेथवर टर्न करून (आतून गुळगुळीत करून), नवीन लायनर घालून तिथेच थांबा. घाट आणि पाणी नेहमीचं असेल तरच किटच्या वाटेला जा आणि दुकानदाराला आधी विचारा : मास्टर कुठला धरलाय, होजचा आटा कुठला, रेसिड्युअल व्हॉल्व्हचं काय. तिसऱ्या प्रश्नाला "ते काय लागत नाही" म्हणाला तर फोन ठेवा.

परवा त्याच दुकानातून मेसेज आलाय, मागचं डिस्क किट पण आलंय, जुन्या गिऱ्हाइकाला डिस्काउंट. ३बी चा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) असतो त्यामुळे तिकडून अडचण नाही, पण मागच्या ड्रमना आता कामच कमी उरलंय, त्यामुळे नको म्हणून कळवलं.